लेकीच्या रिसेप्शनची जागा

अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच सुटली. जिथं चुकलं असेल तिथं माफ करावं. हे कोणाला म्हणते आहे ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि ती कोणी वाचावी अशी माझी इच्छा नाही. लेकीची कॉलेजातली वही आहे. पुढची पानं तिच्या सुंदर अक्षराने भरली आहेत, मागची कोरी राहिली होती. चारचौघांत बोलायला मला कधी जमलं नाही. लिहिताना निदान समोर कोणी नसतं.

मी पोळ्या लाटते. घरी नाही, मंगल कार्यालयांत. मालक गेले तेव्हा लेक दुसरीत होती. कसब्यातल्या शेजारणीने एका केटरिंगवाल्याकडे नेलं, आणि तेव्हापासून लग्नसराईत मी त्याच्या टेम्पोत बसते. पुण्यातली कार्यालयं मी मागून ओळखते. कुठल्या कार्यालयाची कमान कशी आहे ते विचाराल तर सांगता यायचं नाही, पण मोरी कुठं तुंबते, पाणी कुठं दुपारी जातं, कुठल्या भटारखान्यात धूर बाहेर न जाता डोळ्यांत येतो, ते झोपेतही सांगेन. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे डाग आहेत. जुने काळे पडले, नवे तांबूस असतात.

याच पोळ्यांवर लेक शिकली आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. तिथलाच मुलगा तिने पसंत केला. त्याची माणसं वाघोलीची. पूर्वी शेती होती, आता त्या शेतात इमारती आहेत आणि भाडी येतात. माणसं तोंडाने गोड होती. व्याही म्हणाले, "आमाला कायबी नको. लग्न देवळात साधं करू, पण रिसेप्शन मोठं पायजे. समदं गाव येनार." दीड हजार पानं धरली होती.

जागा बघायला जायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी लेक म्हणाली, "आई, उद्या लांब बाह्यांचं ब्लाऊज घाल."

"एप्रिलात?"

"हात दिसतात गं. मी त्यांना सांगितलंय की तू घरीच असतेस." मग मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आणि फार बोलू नकोस. म्हणजे तू तशीही बोलत नाहीसच."

मी ट्रंक उघडून तसं ब्लाऊज शोधायला लागले. तिला वाईट वाटलं असावं. जवळ येऊन म्हणाली, "स्टेजवर मात्र माझ्या शेजारी तूच उभं राहायचं. बाबांची जागा पण तुझीच. दोघींचा मोठा फोटो काढू, भिंतीवर लावायला."

आम्हा दोघींचा एकत्र फोटो एकच आहे, जुन्या रेशनकार्डावरचा. त्यात तिचा अर्धाच चेहरा आलाय. या फोटोसाठी मी लांब बाह्याच काय, हातमोजेसुद्धा घातले असते.

जावयाची गाडी होती. पुढे तो आणि व्याही, मागे विहीणबाई, लेक आणि मी. पहिलं कार्यालय आमच्या पेठेतलंच बघितलं. माझीच इच्छा होती, लेकीने भीतभीत सांगितली होती. गाडी दोन चौक अलीकडे लावून चालत जावं लागलं. विहीणबाईंनी वाटेत तीनदा साडी वर धरली. हॉल वरच्या मजल्यावर, चारशे माणसांचा. मी तिथल्या लाकडी जिन्याने किती पराती वर नेल्या असतील त्याला गणती नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या जिन्याने चढले. स्टेज छोटं होतं. मी मनात तिथं उभी राहूनही बघितलं.

विहीणबाई म्हणाल्या, "हितं? हितं आमच्या भावकीतली बायामानसंच मावायची. बाकीच्यांनी काय रस्त्यावर पत्रावळ मांडायची?"

व्यवस्थापक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "रस्ता महानगरपालिकेचा आहे. त्याचं बुकिंग आमच्याकडे होत नाही."

मला हसू आलं. लेक हसली नाही, म्हणून मीही नाही.

तिथून बिबवेवाडी. तिथला हॉल मोठा, खाली गाड्या लावायला जागा, आणि भटारखाना तर पुण्यात असा दुसरा नाही. उंच छत, दोन बाजूंना खिडक्या, पाणी चोवीस तास. माझ्या तोंडून निघून गेलं, "इथं पाणी चांगलं आहे."

विहीणबाई थांबल्या. "पानी? तुमाला कसं ठावं?"

लेकीने माझ्या हाताला चिमटा काढला, नेमका एका ताज्या डागावर. "आईची मैत्रीण राहते इकडे," ती म्हणाली.

"मैत्रिनीकडं पानी प्यायला येताय व्हय कसब्यातनं," विहीणबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. हॉल त्यांना पटला नाही. मधे खांब होते. "सोसायटीची मीटिंग वाटंल," म्हणाल्या.

तिसरं वाघोलीचं लॉन. नगर रस्त्यापासून आत, त्यांच्या घराजवळ. मी गाडीतून कमान बघितली तरी मला कळलं नाही, कारण सांगितलं तसं, मी जागा पुढून ओळखत नाही. आत पत्र्याचं लांब शेड दिसलं तेव्हा ओळख पटली. तिथं मी त्याच सराईत दोनदा येऊन गेले होते.

गाडीतून उतरलो. विहीणबाई पुढे, मी सगळ्यांच्या मागे. तिथला मॅनेजर हसत सामोरा आला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, तुम्ही इकडून कुठं? तुमचं गेट मागं. आज तर तुमची पार्टी नाहीये."

मॅनेजरला काहीतरी चुकलंय एवढं कळलं असावं. लेकीचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणायला हवं होतं, तुमची चूक होतेय. ते तीन शब्द मला सुचले नाहीत.

व्याही म्हणाले, "मावशी म्हंजे? हितं कामाला हायेत का या?"

"पोळ्यांना येतात की. हात फार चांगला आहे यांचा," मॅनेजर म्हणाला. बिचाऱ्याने कौतुक केलं.

विहीणबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या बाहीवर डोळे ठेवून म्हणाल्या, "तरीच म्हनलं, उनाळ्यात बाह्या एवढ्या लांब कशापायी."

व्याह्यांनी सावरायला म्हटलं, "कष्टाचं काम हाय. त्यात काय."

"मी कुठं काय म्हनलं? झालं तर मग, पोळ्यांचा खर्च वाचला." असं म्हणून त्या हसल्या. जावई हसला. आणि लेकही हसली. थोडंसंच, ओठांच्या कडेने, पण हसली. ते मी बघितलं. तिनेही बघितलं की मी बघितलं.

लॉन दाखवत मॅनेजर पुढे चालला. मागे पडून लेक माझ्या कानात म्हणाली, "आता एक शब्द बोलू नकोस. प्लीज. आजच्या दिवस तोंड उघडू नकोस."

त्या आवारात दोन लॉन आहेत, पुढचं आणि मागचं. व्याही जमिनीच्या व्यवहारातले, चौकस माणूस. त्यांनी मॅनेजरला बरोबर प्रश्न विचारला. "मागल्या लॉनवर त्याच दिवशी दुसरा कारेक्रम आसंल, तर जेवनाचं कसं?"

"दोन्हीला वेगळं किचन आहे साहेब. काही काळजी नको," मॅनेजर म्हणाला आणि मान माझ्याकडे वळवायची टाळली.

मला माहीत होतं. दुसरं किचन म्हणून जे शेड आहे, त्यात खुर्च्या आणि नवरा-नवरीची सोनेरी सिंहासनं ठेवतात. भटारखाना एकच. मोठ्या मुहूर्ताच्या दिवशी दोन्ही लॉनं लागली की ज्याचा आचारी आधी आला त्याच्या ताब्यात चुली, आणि दुसऱ्याचं जेवण साडेनऊच्या आत पानात पडत नाही. मी दोनदा आले तेव्हा दोनदा तेच झालं होतं. लोक रिकाम्या ताटल्या घेऊन उभे होते आणि आम्हाला मागे शिव्या ऐकू येत होत्या. ज्या दिवसाचं रिसेप्शन ठरत होतं तो सराईतला शेवटचा मोठा मुहूर्त होता.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "काय वो विहीनबाई? तुमी तर आतल्या मानूस. कशी हाय जागा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मॅनेजरही. लेकीने डोळे मोठे केले.

मी म्हणाले, "छान आहे."

लाजरी आहे म्हणून तसं म्हणाले नाही. मी आयुष्यभर लाजून गप्प बसले आहे, ते गप्प बसणं मला ओळखता येतं. हे दुसरं होतं. तिचं ते हसू माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी मनात म्हटलं, बोलू नको म्हणालीस ना? नाही बोलत.

बुकिंग मुलीकडच्यांच्या नावाने करायची रीत. व्याही म्हणाले, "पावती तुमच्या नावानं होऊ द्या. ॲडव्हान्स आता तुमी द्या, मी मागनं देतो." लाख रुपये होते. दोन दिवसांनी मी एकटी बसने गेले. बँकेतले आणि भिशीचे मिळून जमवले होते. शुभकार्याचा पैसा गोल आकड्यात द्यायचा नाही म्हणून वर एक रुपया ठेवला होता. तो रुपया पुढचं मागचं जोडलेलं राहावं म्हणून असतो, तो कोणी परत करत नाही. आमच्याकडे एकशे एक, पाचशे एक असंच देतात. मॅनेजरला हसू आलं. "मावशी, रुपयाची पण पावती देऊ?"

"द्या," मी म्हणाले. त्याने एक लाख एक लिहिले.

मग तो हळूच म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत. उपकार झाले." मी पावती घडी करून कमरेला खोचली आणि मागच्या गेटने बाहेर आले. सवयीने.

अजून एक लिहायचं राहिलं. त्या आठवड्यात आम्ही बायका टेम्पोतून दुसऱ्या कामाला चाललो होतो. एकीने विचारलं, जागा ठरली का. मी नाव सांगितलं तर सगळ्या ओरडल्या, "अगं बाई, तिथं? जेवण मिळायचं का तुझ्या व्याह्यांना?" मी म्हणाले, "नाही मिळायचं वेळेवर. बघू दे गावाला, केवढा थाट आहे ते." आणि हसले. टेम्पोभर हशा झाला. मी कधी चारचौघींत असं बोलत नाही, म्हणून त्यांना जास्तच मजा वाटली. मलाही वाटली.

लग्न देवळात झालं. चार दिवसांनी रिसेप्शन. मी मोतिया रंगाची रेशमी साडी नेसले, भिशीतल्या बायकांनी मिळून घेतलेली. ब्लाऊज लांब बाह्यांचं. गेटातून आत गेले, पुढच्या. दोन्ही लॉनांवर दिव्यांच्या माळा होत्या. मागच्या लॉनवरून बँडचा आवाज येत होता.

आठ वाजले. साडेआठ. टेबलांवर पांढरे कपडे, त्यावर झाकणं ठेवलेली रिकामी भांडी. गावची माणसं ताटल्या हातात घेऊन रांगेत उभी. कोणीतरी म्हणालं, "सलाडच खायाचं आसंल तर घरी गाजरं हुती की." व्याही पळत होते, घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. विहीणबाई एका म्हाताऱ्या पाहुण्यांची समजूत घालत होत्या आणि ते ऐकत नव्हते, चपला शोधत होते. मी बाजूला खुर्चीवर बसून बघत होते. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण बरं वाटत होतं.

तेवढ्यात फोटोवाल्याने माईकवरून हाक मारली, "मुलीची आई! मुलीची आई स्टेजवर या."

मी उठले. पदर नीट केला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला असेल नसेल, मागून कोणीतरी "मावशी" म्हणालं. आमचा केटरिंगवाला. व्याह्यांनी जेवणाचं काम ऐनवेळी त्यालाच दिलं होतं, हे मला आधी कळलं नव्हतं. "मावशी, चुली आत्ता मोकळ्या झाल्या. आणि तीन बाया कंटाळून निघून गेल्या. दोन तवे रिकामे आहेत. तुम्हाला कसं सांगू, आज तुमचा दिवस आहे. पण..."

विहीणबाई तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं. "जा की मग. लोकं उपाशी निघाल्यात. फोटू काय, मागनं बी व्हईल."

मी वर लेकीकडे बघितलं. ती सोनेरी खुर्चीवर बसली होती, फार सुंदर दिसत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, ती म्हणेल, नाही, आई आधी इथं येईल. एवढंच म्हणायचं होतं तिने.

ती म्हणाली, "आई, जा ना प्लीज. अब्रू जातेय."

मी पायरीवरून पाय काढला.

भटारखान्यात शिरले तशी एकजण ओरडली, "अगं, नवरीची आई आली! आहेर काय आणलास, लाटणं?" दुसरी म्हणाली, "पदर खोच बाई, नाहीतर साडीचा पापड होईल." मी बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि बसले. कणीक घट्ट भिजवली होती. पहिल्या पोळीला तव्याची कड हाताला लागली. डागाच्या शेजारी डाग. एकीने हळूच विचारलं, "तुला तर माहीत होतं ना गं?" मी म्हणाले, "लाट गपचूप."

साडेअकरा वाजून गेले तेव्हा हात धुऊन बाहेर आले. स्टेजवरचे दिवे बंद होते. मांडववाले फुलं ओरबाडून पोत्यात भरत होते. फोटोवाला तारा गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "काकू, तुम्ही कोणाकडच्या? कार्यक्रम संपला." लेक सासरच्या गाडीतून निघून गेली होती.

अल्बम मी बघितला, तिने आणून दाखवला. चामडी पुठ्ठ्याचा, जड. त्यात व्याही, विहीणबाई, गावचे सगळे, जावयाचे कंपनीतले मित्र, कुत्रासुद्धा आहे. ती भराभर पानं उलटत होती. आपला दोघींचा कुठं, ते मी विचारलं नाही.

व्याह्यांचं "मागनं देतो" मागेच राहिलं. उलट विहीणबाईंनी तिला सुनावलं होतं, तुझ्या आईच्या पावतीवरच्या जागेनं आमचं नाक कापलं, आता पैसे कसले मागतेस. मी मागितले नव्हते. पण लेकीने स्वतःच्या पगारातून द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा दिवाळीला आली तेव्हा फराळाच्या डब्यासोबत वीस हजार. बसली, चहा घेतला, सासूच्या नकला केल्या, आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, फिटलं सगळं मनातलं. संक्रांतीला आली तेव्हाही तिळगूळ खाऊन, तासभर बसून गेली.

मग एका रविवारी ती कोणाच्या तरी लग्नाला त्याच लॉनवर गेली. तिथं तिला माझ्याबरोबरची एक बाई भेटली. बाई मनाने वाईट नाही, फक्त जीभ राहत नाही. ती म्हणाली म्हणे, "तुझी आई मोठी हुशार. टेम्पोतच म्हणाली होती, गावाला जेवण वेळेवर मिळायचं नाही."

त्यानंतर लेक येईनाशी झाली. पैसे मात्र येत राहिले. पाकीट शेजारणीकडे ठेवून जायची.

शेवटचं पाकीट द्यायला ती स्वतः आली. दारातच उभी राहिली, चपला काढल्या नाहीत. मी चहा ठेवायला वळले तर म्हणाली, "नको." मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"सगळं? एकच किचन आहे ते?"

"हो."

"आणि तू बघत बसलीस."

मी म्हणाले, "तूच म्हणालीस, तोंड उघडू नकोस."

तिचे डोळे तिच्या बाबांसारखे आहेत, रडू आलं की आधी कोरडे होतात. मला म्हणायचं होतं की तू हसलीस गं. तू त्यांच्याबरोबर हसलीस. ते सुद्धा म्हणता आलं नाही. ते मी आज इथं लिहिते आहे.

"मोजून घे," ती म्हणाली आणि पाकीट ओट्यावर ठेवलं. "माझ्यासमोर."

मी मोजले. शेवटचे पंधरा हजार, पाचशेच्या कोऱ्या नोटा. पाकिटाच्या तळाशी काहीतरी जड लागलं. उलटं केलं तर नाणं ओट्यावर पडलं, गरगर फिरलं आणि पिठाच्या डब्याला टेकून आडवं झालं. एक रुपया.

"हा कशाला?" मी म्हणाले. "हा परत करत नाहीत."

"पावतीवर एक लाख एक आहे," ती म्हणाली. "एक लाख एक दिले."

आणि ती जिना उतरून गेली.